कंट्रोलर १६० दाखवतो, तरी दुसऱ्या पाळीत सील जळतं

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी पॅकिंगमध्ये गुणवत्ता तपासणी बघते, इलेक्ट्रिकल माझा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे इम्पल्स सीलिंग मशीन आहे. जबड्यावरची तापणारी धातूची पट्टी सतत गरम नसते. जबडा मिटला की करंट जातो, पट्टी तापते, सील होतं, पट्टी निवते, जबडा उघडतो. पाकीट लॅमिनेटचं, आतला थर पॉलिथिनचा. कंट्रोलरवर १६० अंश सेट केलेत, सील वेळ १.२ सेकंद.

गेले तीन आठवडे सकाळच्या पाळीत सील एकदम छान येतं. दुसऱ्या पाळीत मात्र पहिल्या पाकिटापासून सीलमध्ये बारीक बुडबुडे दिसतात, कड ठिसूळ होते आणि पट्टीवरच्या टेफ्लॉनवर तपकिरी डाग पडतात. ओढून बघितलं तर सील सुटत नाही, सीलच्या अगदी कडेला फिल्मच फाटते. कंट्रोलर दोन्ही पाळ्यांत १६०च दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं ठीक.

तीन आठवड्यांपूर्वी पट्टी बदलली होती, बाकी काही बदललेलं नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, ट्यूनिंग परत करू. कंट्रोलरच्या मेनूत झिरो, मिश्रधातू, करेक्शन, 'तापमान गाठलं' असं बरंच काही आहे. यातलं नेमकं कोण काय करतं, आणि मी कुठून सुरुवात करू?

जुना_फिटर

ताई, आधी व्होल्टेज बघा. संध्याकाळकडे बाकीची मशीनं बंद झाली की लाइनचं व्होल्टेज चढतं. पट्टीला जास्त ताकद मिळाली की जळणारच.

ओहम

फिटरदादा, साध्या टायमरवाल्या मशीनला तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. तिथे ठरावीक वेळ ठरावीक व्होल्टेज जातं आणि पट्टी किती तापली हे कोणी विचारतच नाही. पण ताईंच्या मशीनवर तापमान कंट्रोलर आहे. तो व्होल्टेजचा चढउतार स्वतःच सांभाळतो. ५० हर्ट्झच्या लाइनवर दर १० मिलिसेकंदाला, म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलला, तो पट्टीवरचं व्होल्टेज आणि पट्टीतला करंट मोजतो आणि पुढच्या अर्ध्या सायकलला किती ताकद द्यायची ते ठरवतो. लाइन चढली तर तो सायकलचा तेवढा तुकडा कापतो.

रेषेवर

थर्मोकपल (ताप मोजणारा सेन्सर) सैल झालं असेल. आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. थर्मोकपल भोकातून दोन मिलिमीटर बाहेर सरकलं, त्याला ताप कमी लागायला लागला, कंट्रोलर हिटर चालूच ठेवायचा. जबडा लालबुंद व्हायचा बाकी होता. पीआयडीला, म्हणजे हिटरची ताकद ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या हिशोबाला, दोष देत आम्ही चार दिवस ट्यूनिंग करत बसलो.

ओहम

रेषेवर, तुमचा जबडा सतत गरम राहणारा. त्यात कार्ट्रिज हिटर असतो, थर्मोकपल असतं आणि पीआयडी कंट्रोलर एसएसआर (हिटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवतो. निळी_शाई यांच्या मशीनमध्ये थर्मोकपल नाहीच. पट्टी स्वतःच हिटर आणि स्वतःच सेन्सर. ही गोष्ट डोक्यात बसली की मेनूतलं निम्मं आपोआप समजतं, म्हणून जरा लांबड लावतो.

पट्टी तापली की तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. या कामासाठी वापरतात त्या एका मिश्रधातूत तो दर अंशाला ०.०७८ टक्के वाढतो. म्हणजे २० पासून १६० पर्यंत, १४० अंशांत, जेमतेम ११ टक्के. कंट्रोलर व्होल्टेजला करंटने भागतो, रोध काढतो, तो थंड असतानाच्या रोधाच्या किती पट झाला ते बघतो आणि त्यावरून तापमान सांगतो. साधी नायक्रोम पट्टी इथे चालत नाही. तिचा रोध तापमानाने इतका कमी बदलतो की मोजणीतल्या चुकीतच तो बदल बुडून जातो.

आता मेनू.

'झिरो' म्हणजे थंड असतानाचा रोध लक्षात ठेवणं. बटण दाबलं की कंट्रोलर समजतो, पट्टी आत्ता २० अंशांवर आहे. पुढचा सगळा हिशोब याच एका आकड्यावर उभा असतो.

'मिश्रधातू' म्हणजे दर अंशाला किती टक्के, तो आकडा. पट्टीच्या जातीशी जुळलाच पाहिजे.

'करेक्शन' म्हणजे पट्टीच्या जातीत बारीक फरक असेल तर तेवढाच सुधारायला. काहीजण त्याला जादूची काडी समजून फिरवतात, तसं करू नका.

'तापमान गाठलं' हा सिग्नल सर्वांत कामाचा. सील वेळ जबडा मिटल्यापासून न मोजता पट्टीने तापमान गाठल्यापासून मोजायची असते, ती या सिग्नलमुळे मोजता येते.

तिसरी_पाळी

मिश्रधातूवरून माझा अनुभव. स्टोअरमधून दोन जातींच्या पट्ट्या आल्या, दिसायला सारख्या, रुंदी सारखी, जाडी सारखी. एक ०.०७८ ची, दुसरी ०.११ ची. मशीनवर ०.११ ची पट्टी चढली आणि कंट्रोलरमध्ये ०.०७८ च राहिलं. स्क्रीनवर १८० आणि सील सोलून निघतंय केळ्याच्या सालीसारखं. कागदावर मांडलं तेव्हा कळलं: कंट्रोलर साडेबारा टक्के वाढीला १८० म्हणतोय, पण या पट्टीत तेवढी वाढ १३३ अंशांनाच होते. म्हणजे जवळपास ४७ अंश कमी. उलट अदलाबदल झाली असती तर स्क्रीनवर १८० आणि पट्टीवर २४५ च्या आसपास. टेफ्लॉन सतत वापराला २६० पर्यंतच टिकतं, त्यामुळे आम्ही नशीबवान.

त्या दिवसापासून पट्टीच्या पाकिटावरची चिठ्ठी मशीनच्या पॅनेलच्या आत चिकटवतो.

निळी_शाई

ओहम, खूप खूप आभार. हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. पट्टीच्या पाकिटावर बघितलं, जात तीच आहे, कंट्रोलरमध्येही तीच निवडलेली. शिवाय जात चुकली असती तर सकाळीही बिघडलं असतं ना?

ओहम

बरोबर धरलंत. जात चुकली तर चोवीस तास चुकतं. तुमची चूक पाळी बघून येते.

मोजपट्टी

एक इन्फ्रारेड गन आणा आणि पट्टीवर धरा. १६० आहे की २०० ते लगेच कळेल. इतकी चर्चा कशाला?

स्वरांगी

मोजपट्टी, इथे गन फसवेल. पट्टी चकचकीत धातूची. असा धातू इन्फ्रारेड फार कमी सोडतो, त्यामुळे गनला खऱ्यापेक्षा बरंच कमी दिसतं. वर टेफ्लॉन असेल तर गनला टेफ्लॉनचं तापमान दिसणार, पट्टीचं नाही. आणि जबडा उघडा असताना मोजणार म्हणजे सील होताना मोजतच नाही आहात.

मोजपट्टी

मग पट्टीवर पृष्ठभागाचा प्रोब टेकवा.

स्वरांगी

पट्टी ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची. जाडजूड प्रोब टेकवला की तोच तिचा ताप ओढून घेतो आणि कमी आकडा सांगतो. त्यातल्या त्यात केसासारखं बारीक थर्मोकपल टेफ्लॉन आणि पट्टीच्या मध्ये, तेही विजेपासून वेगळं ठेवून, घातलं तर ठीक. नाहीतर ताप लागला की कायमचं काळं पडणारं स्टिकर मिळतं, ते दोन फिल्मच्या मध्ये ठेवून एकदा सील करायचं. आकडा ढोबळ येतो, पण दोन पाळ्यांमधला फरक दाखवायला पुरेसा.

मोजपट्टी

मान्य. स्टिकरची कल्पना आवडली, माझ्याकडेही करून बघतो.

स्वरांगी

निळी_शाई, माझा एकच प्रश्न. झिरोचं बटण कोण दाबतं आणि केव्हा?

रेषेवर

हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता :)

कोरडी_बॅटरी

थोडं विषयांतर करतो. रेषेवर यांनी सतत गरम जबड्याचा उल्लेख केला, तशी मशीनं चालवणारेही हा धागा वाचत असतील.

एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा आतून जोडलेलाच राहतो. कंट्रोलर आउटपुट बंद करतो, स्क्रीनवर दिवाही विझतो, पण हिटर चालूच. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी इथे त्याच्या हातात काही नाही. म्हणून वेगळा सेन्सर असलेला अतिताप कटआउट लावा आणि तो वेगळ्या कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) मेन तोडेल असं वायरिंग करा. कंट्रोलरच्याच अलार्म आउटपुटवर भिस्त ठेवू नका. अलार्मही त्याच थर्मोकपलवर बघतो, आणि थर्मोकपल सरकलं असेल तर अलार्मही आंधळाच.

थर्मोकपलच्या तारा उलट लागल्या तर हिटर तापताना आकडा उतरत जातो. 'थंड होतंय' म्हणून कंट्रोलर पूर्ण ताकद देत राहतो. नवीन थर्मोकपल लावल्यावर पहिली दोन मिनिटं आकडा कुठल्या दिशेला जातो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मशीनपासून हलत नाही.

रेषेवर

कोरडी_बॅटरी, +१००. ऑटोट्यूनबद्दल पण लिहा ना. आमच्याकडे दर सोमवारी ऑटोट्यून चालवायची पद्धत पडलीय.

कोरडी_बॅटरी

दर सोमवारी गरज नाही. पीआयडीचे आकडे जबड्याचं वजन, हिटरची ताकद आणि थर्मोकपलची जागा यांवर ठरतात. हे तिन्ही बदलले नाहीत तर आकडेही बदलत नाहीत. बहुतेक कंट्रोलरमधलं ऑटोट्यून हिटर मुद्दाम चालू-बंद करून तापमानाला झोके देतं आणि त्या झोक्यांची उंची आणि वेळ मोजून हिशोब करतं. ही रिलेची पद्धत ऑस्ट्रॉम आणि हॅगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. त्याआधी झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ ची झोके देऊन हाताने ट्यून करण्याची रीत होती. दोन्हींत झोके द्यावेच लागतात, म्हणून ऑटोट्यून चालू असताना माल काढू नका, ती पाकिटं वाया.

आणि वेग वाढवल्यावर सील कच्चं येत असेल तर बहुधा ते ट्यूनिंगचं दुखणं नसतं. थर्मोकपल जबड्याच्या पोटात असतं, फिल्म ताप ओढते तोंडाशी. पोटात १५० राहतात आणि तोंडाशी कमी होतात. थर्मोकपलचं भोक तोंडाच्या जवळ घेतलं की मगच फरक पडतो.

निळी_शाई

स्वरांगी, तुमचा प्रश्न वाचून आज दोन्ही पाळ्यांना मशीनसमोर उभी राहिले.

पाळीच्या सुरुवातीच्या तपासणी यादीत तिसरी ओळ आहे, 'झिरो बटण दाबणे'. सकाळची पाळी दाबते आणि दुपारचीही. पट्टी बदलायला आलेल्या माणसाने 'बदलल्यावर झिरो करा' असं सांगितलं होतं. आमच्यापैकी कोणीतरी चांगल्या हेतूने ते यादीतच लिहून टाकलं. ती ओळही बरोबर तीन आठवड्यांपूर्वीचीच.

दुपारी पाळी बदलताना मशीन जेमतेम दहा मिनिटं थांबतं. पण पट्टी तर काही सेकंदांत निवते ना? मग दहा मिनिटांनी झिरो घेतला तर काय बिघडतं? शिवाय स्क्रीनवर 'झिरो झाला' असंच आलं, काही चूक दाखवली नाही.

ओहम

सापडलं! स्वरांगींना सलाम.

ताई, पट्टी सेकंदांत निवते, पण निवते कुठपर्यंत? ज्या धातूच्या बारवर ती बसलीय त्या बारच्या तापमानापर्यंत. आठ तास चालून बार कोमट झालेला असतो आणि दहा मिनिटांत तो निवत नाही. समजा बार ५५ वर आहे. पट्टीही ५५ वर स्थिर. तुम्ही झिरो दाबलात, कंट्रोलर म्हणाला, हे माझे २०.

पट्टीचा थंड रोध १ ओहम धरू. ५५ ला तो १.०२७ झाला. कंट्रोलरने तोच पाया मानला. मग '१६०' दाखवायला तो त्या पायाच्या ११ टक्के वर जाणार, म्हणजे १.१४ च्या जवळ. खऱ्या पायावरून मोजलं तर १.१४ म्हणजे १९९ अंश. स्क्रीनवर १६०, पट्टीवर २००. चूक ३५ ची नाही, ३९ ची, कारण पायाच फुगल्यामुळे वरचे टक्केही फुगतात.

सकाळी बार रात्रभर निवलेला असतो, तेव्हा घेतलेला झिरो खरा. म्हणून सकाळी सगळं दुरुस्त.

कंट्रोलरने चूक का दाखवली नाही? काही कंट्रोलर पट्टीचं तापमान पडत असेल तर झिरो नाकारतात. पण कोमट आणि स्थिर पट्टी त्यांना थंड पट्टीसारखीच दिसते. पट्टीला विचारायचं तर तिच्याच रोधावरून विचारणार, आणि तोच तर आपण चुकीचा शिकवतोय.

जुना_फिटर

म्हणजे तापलेल्या पोराच्या काखेत थर्मामीटर ठेवून सांगायचं, 'हाच तुझा ९८.४'. मग पुढे ताप चढला तरी कळणार कसा! व्होल्टेजचा माझा संशय चुकला, पण हे शिकायला मिळालं. आमच्या पोरांना उद्याच सांगतो.

शुभ्र_कोट

आम्ही वैद्यकीय साधनांची निर्जंतुक पाकिटं बनवतो. आयएसओ ११६०७ या अशा पॅकिंगच्या मानकाच्या दुसऱ्या भागात सीलिंगची प्रक्रिया प्रमाणित करावी लागते. तापमान, वेळ आणि दाब यांची खालची-वरची मर्यादा आधी सिद्ध करायची आणि मग रोज त्या मर्यादेत राहायचं. त्यामुळे आमच्याकडे झिरो हे बटण पासवर्डच्या मागे आहे. कोणी, केव्हा, बार किती अंशांवर असताना दाबलं याची नोंद होते. बारमध्ये छोटा सेन्सर बसवलाय. बार खोलीच्या तापमानाला आलेला नसेल तर झिरो घ्यायचाच नाही.

निळी_शाई, एक सुचवते. गेल्या तीन आठवड्यांतला दुसऱ्या पाळीचा माल बाजूला काढून तपासा. जळलेलं सील ओढण्याच्या चाचणीत, एएसटीएम एफ८८ मध्ये, चांगला आकडाही देऊ शकतं, पण कड पातळ झाल्याने तिथे बारीक भोक असण्याची शक्यता असते. रंगाच्या द्रावाची चाचणी करा. सीलच्या आतून रंग लावायचा आणि तो कडेतून पाझरतो का बघायचं. ओढून बघण्यावर समाधान मानू नका.

निळी_शाई

माल आजच अडवून ठेवला. रंगाची चाचणी उद्या.

तिसरी_पाळी

झिरो मग केव्हा घ्यायचा ते नीट लिहून द्या कोणीतरी, नाहीतर आता यादीतून ओळ काढतील आणि पट्टी बदलल्यावरही कोणी घेणार नाही.

ओहम

पट्टी बदलली की घ्यायचा, बार पूर्ण थंड असताना. मग नवी पट्टी चालवून एकदा मुरवायची. काही वेळा तापून निवली की नव्या पट्टीचा रोध थोडा कायमचा बदलतो. म्हणून पूर्ण निवल्यावर झिरो परत घ्यायचा. मुरवायचं विसरलात तर सुरुवातीपासूनच आकडा चुकतो, आणि तो दोन्ही पाळ्यांत सारखाच चुकतो.

मोजणीच्या तारा हलवल्या, ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा कंट्रोलर बदलला, तरी घ्यायचा. मोजणीच्या दोन तारा पट्टीच्या टोकालाच लावा, जाड पॉवर केबलच्या टर्मिनलवर नको, नाहीतर केबलचा आणि सैल स्क्रूचा रोधही पट्टीच्या खात्यात जमा होतो. त्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या. ट्रान्सफॉर्मरजवळ सरळ सोडल्या तर नसतं व्होल्टेज पकडतात.

टेफ्लॉन बदलताना पट्टी काढली नसेल तर झिरोची गरज नाही.

रेषेवर

एक शंका. आमच्या दुसऱ्या, इम्पल्स मशीनवर एकाच पट्टीवर कधी रुंद पाकीट येतं, कधी अरुंद. अरुंद आलं की पट्टीच्या उघड्या भागावर टेफ्लॉन लवकर जळतं. तापमान तर तेच असतं.

ओहम

कंट्रोलरला सबंध पट्टीचा एकच रोध दिसतो, म्हणजे सरासरी तापमान. फिल्मखालचा भाग ताप देऊन थोडा निवतो, उघडा भाग त्याहून वर जातो, सरासरी बरोबर येते. पट्टीची टोकं तांब्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेली असतात ती याचसाठी. तिथे रोध कमी, म्हणून ती गरम होत नाहीत. अरुंद पाकिटाला आखूड पट्टी, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

निळी_शाई

चार दिवसांनी परत आले. यादीतली ओळ काढली आणि त्या जागी शुभ्र_कोट यांच्यासारखी नोंदवही ठेवली. दुपारचा झिरो बंद केल्यापासून दोन्ही पाळ्यांचं सील सारखं. स्वरांगींनी सांगितलेलं स्टिकरही लावून बघितलं, दोन्ही पाळ्यांत एकाच चौकोनापर्यंत काळं पडलं. रंगाच्या चाचणीत अडवलेल्या मालातली काही पाकिटं कडेला पाझरली. ती सगळी खेप बाद केली.

पण आता एक वेगळीच गोष्ट दिसतेय. जबडा उघडताना कधीकधी सील सुरकुततं, एका बाजूला खेचल्यासारखं. आधी हे होत नव्हतं का, की जळण्याच्या नादात दिसलं नव्हतं, सांगता येत नाही.

स्वरांगी

जबडा उघडतो कशावर? वेळेवर की तापमानावर?

निळी_शाई

वेळेवर. निवायला ०.८ सेकंद दिलेत.

स्वरांगी

मग तेच. पॉलिथिन अजून मऊ असताना जबडा सुटतो आणि पाकिटाच्या वजनाने सील ताणलं जातं. सकाळी बार थंड असताना ०.८ पुरतात, बार कोमट झाला की पट्टी हळू निवते आणि तेवढेच ०.८ अपुरे पडतात. तुमचा कंट्रोलर निवतानाही बारीक मोजणीचे झटके देऊन तापमान बघत असतो, म्हणजे तो आकडा हाताशी आहेच. मेनूत 'निवल्याचं तापमान' असं काही असेल, ते चालू करा. साधं एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन) ११० च्या आसपास वितळतं. जबडा ७० ला उघडून बघा, मग पाच-पाच अंशांनी वर नेत जा आणि सुरकुती दिसली की तिथून एक पायरी खाली या.

निळी_शाई

मिळालं, 'थंड सीमा' नावाने आहे. ७० वर ठेवलं, सुरकुती गेली. दुपारच्या पाळीत एका पाकिटाला साधारण ०.३ सेकंद जास्त लागतात, उत्पादनवाले कुरकुर करताहेत. ७५ ला उद्या बघते.

जुना_फिटर

बारमधून पाणी फिरवायची सोय आहे का बघा ताई. बारला दोन भोकं आणि त्यांत प्लग दिसले तर ती त्यासाठीच असतात. पाणी फिरलं की बार दुपारीही थंड, ०.३ सेकंद परत मिळतील.

निळी_शाई

आत्ता जाऊन बघितलं. भोकं आहेत दादा, दोन्हींत प्लग. इलेक्ट्रिशियनबरोबर फिटरलाही बोलावलंय.